चौथ्या मजल्यासाठी डिंक

आमच्या इमारतीला लिफ्ट असावी याबद्दल कुणाचंही दुमत नव्हतं, आणि म्हणूनच प्रकरण लांबलं. विरोध असता तर हात मोजून त्याचा निकाल लावता आला असता. पण ज्या गोष्टीला सर्वांचा मनापासून पाठिंबा आहे तिचं पुढे काय करायचं, हे आमच्या नियमावलीत कुठेच लिहिलेलं नाही.

लिफ्ट हवी होती ती चौथ्या मजल्यावरच्या मावशींना. आयुष्यभर पायाने शिवणाचं मशीन चालवून त्यांचे गुडघे गेले. रस्त्यापलीकडे, एका तळमजल्यावरच्या खोलीत त्यांची धाकटी बहीण राहते. तिची सत्तरी उलटली, तरी मावशी तिला छकुलीच म्हणतात. छकुलीला जिना चढवत नाही, मावशींना उतरवत नाही. म्हणून रोज संध्याकाळी छकुली पलीकडच्या फुटपाथवर आणि मावशी खिडकीत, अशा दोघी उभ्या राहून एकमेकींना हात करायच्या. पण छकुलीची नजर मंदावत चालली होती. एका संध्याकाळी तिने तिसऱ्या मजल्यावर वाळत घातलेल्या गाऊनला बराच वेळ हात केला. गाऊन वाऱ्याने हलला, तशी ती समाधानाने घरी गेली. मावशींनी हे सगळं वरून पाहिलं आणि सचिवांना फोन लावला.

"बाबा, तिला पुरतं दिसेनासं व्हायच्या आत मला खाली उतरव. एवढंच मागते."

सचिव हळवे आहेत. त्यांनी विषय लगेच समितीपुढे ठेवला. समितीही हळवी झाली. अध्यक्ष तळमजल्यावर राहतात, त्यामुळे लिफ्टच्या बाबतीत ते पूर्णपणे निःपक्षपाती आहेत. ते म्हणाले, "लिफ्ट झालीच पाहिजे. माझा आपला एकच साधा प्रश्न. आत जागा नाही, म्हणजे लिफ्ट बाहेरून भिंतीला लागून येणार. ती भिंतीला धरून राहील याची खात्री काय?"

लिफ्ट कंपनीचा माणूस समोरच बसला होता. त्याने पाया, लोखंडी चौकट, बोल्ट असं सगळं समजावून सांगितलं. अध्यक्षांनी अत्यंत शांतपणे ऐकून घेतलं.

"हे तुम्ही म्हणता. आम्हाला दिसलं पाहिजे."

तेव्हा आधी प्रतिकृती करायची ठरलं. एकमताने. आमच्याकडे सगळं एकमतानेच ठरतं.

काम दुसऱ्या मजल्यावरच्या कवळीवाल्यांकडे गेलं. दातांच्या डॉक्टरांना कवळ्या बनवून देणं हा त्यांचा धंदा, त्यामुळे प्लास्टिकशी रोजची ओळख. शिवाय सुट्टीच्या दिवशी ते छोट्या आगगाड्या करतात. त्यांनी इमारत थर्माकोलची केली आणि लिफ्टचा उभा कप्पा पारदर्शक प्लास्टिकचा. खिडक्यांचे गज, कुंड्या, अध्यक्षांच्या दारावरची पाटी, सगळं जागच्या जागी. मावशींच्या खिडकीत त्यांनी पडदासुद्धा लावला. आता कप्पा भिंतीला चिकटवला की झालं.

फुटलेल्या कपाचा कान आपण ज्याने जोडतो, तो झटपट चिकटणारा डिंक त्यांनी घेतला. पहिला थेंब पडला, नाकाला झोंबणारा वास आला, आणि डिंक थर्माकोल खाऊ लागला. आमच्या डोळ्यांदेखत चौथा मजला पडद्यासकट आत बसला. इतिवृत्तात नोंद झाली: 'प्रयोगादरम्यान चौथा मजला विरघळला. जीवितहानी नाही.'

मावशींनी सचिवांना फोन करून विचारलं, "काय रे, कुठवर आलं?"

"मावशी, डिंक ठरतोय."

"लिफ्ट डिंकाने लावणार?"

"छे हो! डिंक प्रतिकृतीचा. तो एकदा ठरला की लिफ्ट काय, झालीच समजा."

"अरे, मग पटकन ठरवा. काल ती माझ्याऐवजी डिशच्या अँटेनाशी बोलत होती."

प्रश्नाचं गांभीर्य ओळखून 'चिकटद्रव्य निवड उपसमिती' नेमण्यात आली. उपसमितीने पांढरा, सुतारकामाचा डिंक सुचवला. तो थर्माकोलला बाधत नाही. मात्र त्याला वाळायला हवा लागते, आणि एका बाजूला प्लास्टिक, दुसऱ्या बाजूला थर्माकोल असलं की मधे हवा शिरत नाही, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. कप्पा रबरबँड लावून बरेच दिवस ठेवला. मग सभेत रबरबँड काढले. कप्पा जागचा हलला नाही. टाळ्या झाल्या. सचिव आभार मानायला उभे राहिले आणि आभार ऐन रंगात आले असताना कप्पा भिंतीवरून सावकाश, शिस्तीत खाली घसरला. तांत्रिकदृष्ट्या आमच्या लिफ्टचा तो पहिला प्रवास.

"बघा!" अध्यक्ष म्हणाले. "माझ्या मनात हेच होतं."

कंपनीच्या माणसाचा संयम सुटला. "अहो साहेब, खऱ्या लिफ्टला डिंक नसतो!"

"म्हणजे डिंकाचाही आधार नाही?" अध्यक्षांनी विचारलं. सभागृहात कुजबुज झाली. तो माणूस त्यानंतर आला नाही. आम्ही त्याला दोष देत नाही. तांत्रिक प्रश्नांना तोंड देणं सर्वांना जमत नाही.

यानंतर गरम गोंदाची बंदूक झाली. तिने सचिवांच्या न्हाणीघराला आरपार भोक पाडलं. दुहेरी चिकटपट्टी झाली. ती प्लास्टिकला घट्ट धरून राहिली, पण निघताना भिंतीचा पापुद्रा सोबत घेऊन गेली. कवळीवाल्यांना आता दुसरं काही सुचत नव्हतं. प्लास्टिकचे तुकडे पॉलिशपेपरने खरखरीत करून ते गॅलरीत हारीने मांडून ठेवत आणि जेवणाच्या ताटावरून उठून त्यांना बोट लावून येत.

"अहो, डॉक्टरांचे फोनावर फोन येतायत," वहिनी जिन्यातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "तिकडे माणसं दातांवाचून पेज पितायत आणि तुम्ही इथे भिंती चिकटवत बसलाय!"

पण कष्टाला फळ आलं. फोमसाठीच बनवलेला, थर्माकोल न खाणारा डिंक कवळीवाल्यांना सापडला. दोन्ही बाजूंना पातळ हात द्यायचा. घाई करायची नाही. बोट लावून पाहिलं आणि तार सुटली नाही, की दोन्ही बाजू एकदाच नीट धरून दाबायच्या. एकदाच, कारण नंतर सरकवता येत नाही. कवळीवाल्यांनी सभेत कप्पा धरून प्रतिकृती उचलली. अख्खी इमारत त्या कप्प्याला लोंबकळत राहिली. त्यांनी ती हलवली. मग उलटी केली. काही सुटलं नाही.

आम्ही टाळ्यांसाठी हात उचलले होते. तेवढ्यात अध्यक्षांनी हलक्या आवाजात विचारलं, "हे सुटणार नाही?"

"जन्मात नाही!"

"इथेच तर धोका आहे." अध्यक्ष उभे राहिले. "उद्या एखाद्या सभासदाला वेगळं वाटलं, तर? मत बदलण्याचा हक्क सभासदांकडून कायमचा काढून घेणारा डिंक आपल्याला चालेल का? चालत असेल तर माझी काही हरकत नाही. मी फक्त विचारतोय."

आम्ही उचललेले हात खाली घेतले. ही बाजू खरंच कुणाच्या लक्षात आली नव्हती. नवा निकष ठरला: डिंक धरून ठेवणारा असावा, बांधून ठेवणारा नसावा. आम्हाला वाटलं कवळीवाले चिडतील. पण त्यांचे डोळे चमकले.

"म्हणजे सुटणारा? अहो, त्यात तर खूपच प्रकार आहेत!"

सुटणाऱ्या डिंकाला वजन झेपत नाही, म्हणून कप्पा आखूड केला. आखूड कप्पा तिसऱ्या मजल्यापर्यंतच पोचला. विरघळलेला चौथा मजला तसाही वेडावाकडा दिसत होता. कवळीवाल्यांनी तो सुरीने सरळ कापून वर सुबक गच्ची केली. प्रतिकृती देखणी झाली. प्रस्ताव सर्वसाधारण सभेपुढे ठेवायचं ठरलं.

सचिवांनी आनंदाने फोन केला. "मावशी, परवा सभा. आता अजिबात हलत नाही बघा. चौथा मजला काढल्यापासून फार स्थिर झालीय."

"काय काढल्यापासून?"

सभेच्या दिवशी मावशी दुपारीच घरातून निघाल्या. एका हाताने कठडा, दुसऱ्या हाताने भिंत. एक पायरी उतरायची, दोन्ही पाय एकत्र आणायचे, श्वास घ्यायचा. प्रत्येक वळणावर त्या टेकल्या. जाता-येता आम्ही सर्वांनी आस्थेने चौकशी केली. "सावकाश हं मावशी," आम्ही म्हणत होतो, आणि सभेला उशीर होऊ नये म्हणून पुढे जात होतो.

मतदानाच्या तोंडावर त्या दारात पोचल्या. घामाने चेहरा निथळत होता, ओठ पांढरे पडले होते. सरळ टेबलापाशी आल्या, प्रतिकृतीकडे वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "माझं घर कुठंय?"

कवळीवाले खजील झाले. "मावशी, तो... डिंकाला पेलवत नव्हता."

"अरे, पण मी राहते ना तिथे! ही बघ मी. तिथूनच आले!"

सभागृह हेलावलं. अध्यक्षांनी स्वतः उठून मावशींना आपली खुर्ची दिली.

"मित्रांनो, या वयात, हे गुडघे घेऊन, कुणाच्याही मदतीशिवाय मावशी चार मजले उतरून आल्या. अशी जिद्द असताना लिफ्टची गरज आहे असं म्हणणं हा मावशींचा अपमान ठरेल. मी अभिनंदनाचा ठराव मांडतो."

ठराव एकमताने मंजूर झाला. मावशींनी टाळ्या थांबू दिल्या.

"ते असू दे," त्या म्हणाल्या. "आता वर कशी जाऊ?"

सचिवांनी कार्यक्रमपत्रिका उलटसुलट पाहिली. तो विषय आजच्या पत्रिकेवर नव्हता.

मावशी उठल्या, रस्ता ओलांडला आणि पलीकडच्या फुटपाथवर जाऊन उभ्या राहिल्या. छकुली आमच्या इमारतीकडे तोंड करून, नेमाने वर हात हलवत होती. मावशींनी तिचा तो हात धरून खाली घेतला. त्या आता तिच्याच खोलीत राहतात. एकीच्या खोलीत दोघी, अडचण होते; पण आमच्याकडे तशी तक्रार आलेली नाही.

आमच्या चौथ्या मजल्यावर सध्या कुणी राहत नाही, म्हणजे प्रतिकृती शेवटी अचूक निघाली. मावशींच्या कुंड्या मात्र वरच आहेत. त्यांना पाणी घालायला आम्ही आळीपाळीने जातो. माणुसकी आहे. परवा अध्यक्षांची पाळी होती. वर पोचेपर्यंत त्यांना धाप लागली, आणि लिफ्ट झालीच पाहिजे हे त्यांनी तिथूनच, कठड्याला धरून जाहीर केलं. विषय पुन्हा घेतला आहे. सुरुवात अर्थात डिंकापासून.

तुम्हाला आमचं हसू येत असेल. पण हे वाचताना तुमच्याही मनात आलंच असेल, की तो दोन्ही बाजूंना लावायचा डिंक उत्तम होता, तोच ठेवायला हवा होता. मावशी जिन्यात बसल्या होत्या, आणि तुम्ही डिंकाचा विचार करत होतात.

उपसमितीत एक जागा रिकामी आहे. जरूर या.