बाई कुटं हाय?

शुक्रवार पेठेत कुठलाही कार्यक्रम असो, महादेवीअक्का कुठे बसल्यात ते संयोजक आधी बघतात आणि माईक त्यांच्यापासून जमेल तितका लांब नेतात. कारण अक्का भाषणाच्या मधेच उठतात, पदर कमरेला खोचतात आणि विचारतात, "ते समदं खरं. पन बाई कुटं हाय?"

लग्नाची पत्रिका द्यावी, तर निमंत्रकांत नुसते काका-मामा बघून म्हणतात, "पोरीला आई न्हाई व्हय?" आमच्या कोपऱ्यावरच्या भांडेवाल्याने दुकानाला 'अँड सन्स' अशी पाटी लावली. त्याला सगळ्या मुलीच. अक्का येता-जाता पाटीपुढे थांबायच्या. "पोरं कवा झाली रं?" शेवटी बिचाऱ्याने 'अँड डॉटर्स' करून घेतलं. आता त्याचा धंदा वाढला, की श्रेय अक्का घेतात.

परवा वाचनालयात महिला दिनाला एका पाहुण्या बाईंचं भाषण होतं. विषयच बायकांचा, म्हणून शेजारी बसलेली मी निर्धास्त. राण्या झाल्या, समाजसुधारक झाल्या आणि अक्का उठल्याच.

"बाई, राजम्मा ऱ्हायली."

पाहुण्या गोंधळल्या. "कोण राजम्मा?"

"तेच की! कुनालाच म्हाईत न्हाई."

एवढं बोलून त्यांनी माईक घेतला. तरुणपणी अक्का आणि राजम्मा एका कारखान्यात शेजारी बसून विड्या वळायच्या. तिथे बायांना संडास नव्हता. मागणी केली, की मॅनेजर म्हणायचा, बघू.

"एक दिस राजम्मानं त्याच्या केबिनला भाईरनं कुलूप ठोकलं. चावी पोलक्यात. म्हनली, सायेब, आता तुमीबी बगा, दिसभर कसं काडायचं! दुपारपातुर गुरगुरला. मग गयावया. सांजच्याला खिडकीतनं वरडला, एक न्हाई, दोन बांदतो गं बाई, पन दार उगड!"

सभागृह हसून हसून लोळलं.

संडास बांधले गेले. राजम्माला मात्र कामावरून काढलं आणि दुसऱ्या कुठल्याच कारखान्याने तिला घेतलं नाही. ती तेलंगणात आपल्या माहेरी निघून गेली. पुन्हा काही कळलं नाही.

टाळ्या थांबेनात. पाहुण्यांनी अक्कांना वाकून नमस्कार केला. अक्का खुशीत घरी निघाल्या.

वाटेत मी सहज विचारलं, "अक्का, राजम्मा दिसायच्या कशा हो?"

त्या थांबल्या.

"नाव हाय गं तोंडात. चेहरा न्हाई येत आता डोळ्यापुडं. तवा फोटू कोन काडणार आमचा?"

घराचं दार त्यांनीच उघडलं. आत दुसरं कोणी नसतंच. मी निघाले, तर त्यांनी माझा हात धरला.

"बस की जरा. हसायची कशी, ते अजून येतंय मला. दावते तुला."

मी बसले. अक्कांनी डोळे मिटले आणि त्या खोलीत कुणी तरुण बाई खो खो हसली.