सोफ्यामागचे शेषराव

नाटक संपलं का अकोल्यातले लोक मेकअपच्या खोलीत येतात अन् म्हनतात, "छान झालं." शेषराव काका येतात अन् काहीच म्हनत नाहीत. तुमच्या नाकापुढे उजव्या हाताचा अंगठा अन् दोन बोटं आनतात, अन् चिमटीत नसलेला कापूस हळूहळू ओढतात. एकदा ओढतात, दोनदा ओढतात. मंग तुमच्या तोंडाकडे पाहून सांगतात, "फरदड."

फरदड म्हंजे हंगाम सरल्यावर झाडावर उरेल मरतुकडा कापूस. व्यापारी त्याले पाहूनच नाक मुरडते.

काका जिंदगीभर कापसाच्या खरेदीत ग्रेडर होते. ढिगात हात घालाचा, चिमूटभर कापूस ओढाचा, धागा किती लांब जाते ते पाहाचं अन् दर्जा सांगाचा. रिटायर झाले, कापूस सुटला, बोटं काही सुटली नाहीत. मंग ते आमच्या नाटक मंडळात आले. नट उगाच रडला तर काका म्हनतात, "पानी मारेल हाये." कारन वजन वाढवाले लोक कापसावर पानी मारतात. नट नुसताच बोंबलला तर म्हनतात, "सरकीच सरकी, कापूस कुठी हाये?" आमच्या वैशालीताई बँकेत हायेत, वय बेचाळीस, अन् दरवर्सी लग्नाची पोरगी त्याच करतात. त्यायले काका म्हनाले, "ताई, माल चांगला हाये, पन मागच्या हंगामाचा." वैशालीताई दोन महिने काकाशी बोलल्या नाहीत. काकाले हे दोन महिन्यानं मी सांगितलं तवा समजलं. म्हने, "अस्सं? मले वाटलं तिचा घसा बसला."

अन् आमचं मंडळ पाहाल तर त्याची रीतच उलटी. खेळ झाला का सारे गोल करून बसतात, आलुबोंडे येतात, अन् एकेकानं उठून दुसऱ्याचं कौतुक कराचं. मी तुले अप्रतिम म्हनतो, तू मले जिवंत म्हन. पडदा अर्ध्यात अडकला तरी पडदेवाल्याले सांगतात, "तुझ्या अडकण्यातही एक लय होती." तीन वर्सं मी तिथे बसून आलुबोंडे खाल्ले, अन् तीन वर्सात तिथे कोनाचं काहीच चुकलं नाही. दिग्दर्शक आमचे डॉक्टर, दातांचे. दिवसा लोकायचं तोंड उघडं ठेवतात, संध्याकाळी बंद ठेवतात. काकाले ते ठेवून होते कारन काकासारखा प्रॉम्प्टर भेटत नाही. नाटकाची वही एकदा वाचली का काकाले कानामात्रेसकट पाठ.

आता माहं सांगतो. मी सोफे शिवतो, जठारपेठेत दुकान हाये. नट कसा झालो? आमच्या मंडळाच्या हरेक नाटकात दिवानखाना असते, दिवानखान्यात सोफा लागते, अन् सोफा माहा. पहिल्या वर्सी सोफा पोचवाले गेलो तर डॉक्टर म्हनाले, "यालाही घेऊ एखादी भूमिका देऊन." म्हंजे खरा नट सोफा होता, मी त्याच्यासंगं आलेला मानूस. सोफ्याचं काम सारे वाखानत. तो कधी वाक्य विसरला नाही.

अन् एक गोष्ट मंडळात कोनाले माहीत नव्हती. मले वाचता येत नाही. हे पन मी बोलून राहिलो अन् बायको लिहून राहिली. तिसरीत शाळेनं मले सोडलं. सही येते, चांगली वळनदार येते, पन ते चित्र काढल्यासारखी. मंडळात सारे शिकेल लोक. तालमीले मी वही मांडीवर घेऊन मान हालवत बसो, दुसऱ्यायनं पान पलटलं का मी पलटो. भेव एकाच गोष्टीचं. हे बाहेर पडलं तर हे लोक मले हासनार नाहीत, समजून घेतील. गोल करून बसतील अन् माह्या अडानीपनाचंही कौतुक करतील. त्यापेक्षा हासलेलं परवडते.

मंग मी वाक्य कसं म्हनो? काका म्हनत, मी म्हनो. विंगेतून ऐकू येत नाही म्हनून काका सोफ्यामागे उकिडवे बसत. सोफा माहा, म्हनून माही जागा बी कायम सोफ्यावर. मागून वाक्य आलं का मी समोर सोडो. अर्थाच्या भानगडीत मी पडो नाही. माह्यात अन् टेपरेकॉर्डरात फरक इतकाच का टेपरेकॉर्डर बंद करता येते.

पन काकाची खोड अशी का त्यायले नुसतं वाक्य सांगवत नाही. मधात दर्जाही सांगाव लागते. "आवाज वाढव", "हात खाली घे, रिक्षा बोलावून राहिला काय?" म्हनून आमी दोघायनं इशाऱ्याची एक खून ठरवली होती. काका वाक्य सोडून दुसरं काही बोलनार असले का आधी सोफ्याच्या पाठीवर बोटाच्या हाडानं दोनदा ठकठक करत. ठकठक झालं का मी समजो, हे लोकायसाठी नाही, हे मले हाये. तीन वर्सं हे बिनबोभाट चाललं. डॉक्टर म्हनत, "तुझा पॉज फार छान असतो." तो पॉज म्हंजे मी शिव्या खाऊन राहिलेला असो.

यंदा अमरावतीले स्पर्धा होती. दुपारचा खेळ. परीक्षक पुन्याहून आलेले, नाट्यगृह भरेल होतं. अन् स्पर्धा म्हनून मी एक शहानपना केला. सोफा नव्यानं भरला. पाठीले जुनी प्लाय होती, त्यावर दोन्हीकडून जाड फोम चढवला, मरून कापड ताणून ठोकलं. असा सोफा अमरावतीनं पाह्यला नसन. टेम्पोत चढवताना मीच त्याच्यावरून चार वेळा हात फिरवला.

शेवटचा प्रवेश पोरीच्या पाठवनीचा. मी बाप. वैशालीताई पायाशी बसेल, माहा हात त्यायच्या डोक्यावर. मागून काका सांगून राहिले, मी म्हनून राहिलो.

"जा पोरी. या घराचं दार तुझ्यासाठी कधीच बंद होणार नाही."

मले काय झालं काय माहीत, माह्या डोळ्याले खरंच पानी आलं. मागून काकानं ठकठक केलं असन. फोमनं ते गिळलं. मले फक्त पुढचं ऐकू आलं, अन् मी हात थरथरवत, भरल्या गळ्यानं, पोरीच्या डोळ्यात पाहून म्हनलं,

"रडू नको बे. कापसाले पानी मारून राहिला काय?"

वैशालीताईनं माह्याकडे पाह्यलं. बाई हुशार. म्हने, "नाही बाबा."

मागून काका घाबरले. "अबे हे नाही! हे नाही!"

"अबे हे नाही! हे नाही!" मी पोरीले म्हनलं.

"चूप!"

"चूप!"

मंग काका चूप झाले. काका चूप म्हंजे मी बी चूप. अमरावतीचे लोक, ज्यायच्या घरादारात कापूस, ते खुर्च्यायवरून पडाचे बाकी होते. पाठवनीच्या प्रवेशाले इतकं हासेल मी पाह्यलं नाही. शेवटी पडदेवाल्याले दया आली.

नाट्यगृहामागच्या लिंबाखाली सारे बसले. गोल झाला, पन आलुबोंड्याले कोनी हात लावला नाही. कौतुकाची सवय असलेल्या मानसायले राग कसा कराचा तेच माहीत नव्हतं. ते एकमेकाकडे पाहून राहिले का सुरुवात कोन करते. वैशालीताई रडून राहिल्या होत्या, अन् यावेळी त्यात पानी मारेल नव्हतं. तीन महिने बाई बँकेतून थेट तालमीले येत होती.

डॉक्टरायनं वही काढली अन् माह्यापुढे धरली.

"तीन महिने झाले तुला ही देऊन. पाठ का होत नाही? हे घे, शेवटचं पान. वाच. आत्ता, सगळ्यांसमोर. बघू तरी, एकदा तरी नजर फिरवली आहेस का."

मी वही घेतली. त्या पानावर मुंग्या होत्या. काळ्या, रांगेनं चाललेल्या, एकही ओळखीची नाही. पंधरा मानसं माह्या तोंडाकडे पाहून राहिले. मी घसा खाकरला. दुसऱ्यांदा खाकरला. मनात म्हनलं, पोटात दुखते म्हनून लोळाव काय?

"वही इकडे आन," शेषराव काका म्हनाले, अन् माह्या हातातून वही ओढून घेतली. "त्याले वाचाले काहाले लावता? त्याचं पाठ होतं."

"पाठ होतं?" डॉक्टर म्हनाले.

"होतं. आमची खून हाये, मधात बोलाचं असलं का मी आधी ठोकतो. आज मी ठोकलंच नाही. तसाच बोललो. त्याले वाटलं वाक्यच हाये. चूक माही हाये."

डॉक्टर त्यायच्याकडे वळले. "शेषराव, तुम्ही कधी खोटं बोलत नाही म्हणून विचारतो. खरं सांगताय?"

"मंग काय गंमत करून राहिलो?"

सगळ्यायनं मानलं. काकाचं खोटं कोनी कधी ऐकलंच नव्हतं, म्हनून ते कोनाले ओळखू आलं नाही. डॉक्टर म्हनाले, "मग यापुढे प्रॉम्प्टिंग बंद. आणि शेषराव, तुम्हीही आता विश्रांती घ्या." काकानं मान हालवली, पिशवी उचलली अन् टेम्पोकडे चालाले लागले.

अन् मी? ठकठक झालं होतं हे मले समजलं होतं. फोम मीच भरला होता. मी तोंड उघडाव होतं. मी आलुबोंडा उचलला अन् तोंडात घातला, म्हंजे बोलाव लागू नये.

परतीले मंडळी गाडीत, मी टेम्पोत, माह्या सोफ्यावर. काका येऊन बाजूले बसले. बडनेरा मागे पडलं. मंग मीच म्हनलं, "काका, तुमी ठोकलं होतं ना?"

"बोट सुजलं, हे पाह्य." बोट दाखवलं. खरंच सुजेल होतं. "बैला, सोफ्यात गादी भरली का मढं?"

"मंग खोटं कावून बोलले?"

काका रस्त्याकडे पाहत होते. म्हने, "मागच्या वर्सी बैलपोयाच्या दिवशी तालमीच्या दाराले कागद लावेल होता. आज तालीम नाही. तू त्याच कागदाखाली पायरीवर दीड तास बसला होता. मी रस्त्यानं चाललो होतो. मले म्हनला, काका, हे लोक किती आळशी हायेत, कोनीच आलं नाही."

मले आठवलं. त्या दिवशी काका काही न बोलता माह्याजवळ बसले होते, अन् आमी दोघायनंच पूर्न तालीम केली होती. मी घरी जाऊन बायकोले म्हनलं होतं, मंडळात खरे नट दोनच.

"म्हंजे तुमाले वर्सभर माहीत होतं?"

"हाव."

"तुमी सगळ्यायले सगळं तोंडावर सांगता. हे कावून नाही सांगितलं?"

"मानूस जे बिघडवते ते मी सांगतो," काका म्हनाले. "हे तू बिघडवेल नाही." अन् मंग लगेच, जसं काही जास्त गोड बोलल्या गेलं, "तुही अॅक्टिंग तू बिघडवली हाये. ते रडनं तर निव्वळ घान."

दुसऱ्या दिवसापासून काका दुपारी दुकानात याले लागले. प्रॉम्प्टर बंद, म्हंजे पुढच्या नाटकात मले पूर्न पाठ पाहिजे, नाही तर सोफा एकटाच जाईन. मी खिळे ठोकाचो, काका स्टुलावर बसून माह्या वहीतली वाक्यं म्हनाचे. ज्या मंडळात त्यायले बोलावत नव्हते, त्या मंडळाच्या नाटकाची वाक्यं. एक वाक्य चाळीस वेळा. गिऱ्हाईकाले वाटे, हा बुढा माह्याशी भांडून राहिला.

मंग अकोल्यात त्या नाटकाचा खेळ झाला, रविवारी दुपारी. काका तिकीट काढून बसले होते. सोफ्यामागे कोनी नव्हतं. तीन वर्सात पहिल्यांदा माही पाठ रिकामी वाटली. पन मी सुरुवातीपासून शेवटापर्यंत बोललो. एक शब्द पडला नाही.

मेकअपच्या खोलीत लोक आले. "छान झालं," "छान झालं." मी कोनाकडे पाह्यलं नाही, दाराकडे पाहत राहिलो. काका आले नाहीत. मी तसाच रंगलेल्या तोंडानं बाहेर गेलो. काका सायकल स्टँडवर होते, कुलूप काढून राहिले होते. चावी लागत नव्हती.

म्हनलं, "काका, कसं झालं? खरं सांगा."

"मले काय माहीत?"

"तुमी आत नव्हते काय?"

"होतो ना," काका चिडून म्हनाले. "पन पाह्यलं कोनं? तू तोंड उघडाच्या आधी मी तुहं वाक्य मनात म्हनून राहिलो होतो. पूर्न वेळ. शेजारच्या बाईनं दोनदा चूप बसा म्हनलं. माह्या छातीत धडधड होऊन राहिली होती, बे."