गरज उरली नाही

लढाई जिंकून आलेल्या शिपायाचा मान राजापेक्षा तसूभरही कमी नसतो. महायुद्ध संपल्यावर, शेहेचाळीस साली कोरीटच्या दलपतला हा मान मिळाला, तो खांडबाऱ्यात त्याच्या लग्नाची सुपारी फुटायच्या क्षणापर्यंत. त्या क्षणी होणारे सासरे रूपसिंग यांनी लष्करातून सुटल्याचा कागद मागितला आणि शेजारच्या मास्तरांनी तो वाचला : वर्तणूक चांगली. सुटकेचं कारण, सेवेची गरज उरली नाही.

रूपसिंगांनी सुपारी खिशात घातली. "सरकारले तुन्ही गरज नही, मंग मन्ही पोरले काय गरज पडनी?"

"मामा, लढाई सरनी, म्हनीसन सोडं."

"चांगला बैल कोनी सोडस का? मन्हा पोऱ्या गोवाल देख, फौजमा शे. त्याले सरकार सोडस का?"

बैल आणि मेहुणा दोन्ही एकदम अंगावर आल्याने दलपतने कागदाची घडी घालून खिशात ठेवली. दाराआड नवरीच्या, फुलीबाईच्या बांगड्या वाजल्या.

नंदुरबारच्या इद्रिस टेलरने इलाज सांगितला. "जखमी होके छूटा, उसकी इज्जत अलग रे! बोल, टांग में गोली लगी."

पुढच्या बाजारी दलपत लंगडत खांडबाऱ्याला गेला. "मामा, पायले गोळी लागेल शे."

"मंग नांगर कसा धरशी?"

हा प्रश्न इद्रिसने हिशेबात धरला नव्हता. दलपतने लंगडणं तिथेच सोडलं, अंगणातलं ज्वारीचं पोतं खांद्यावर घेतलं आणि विहिरीला धावत फेरी मारली.

"आते समजनं!" रूपसिंग ओरडले. "सोंग करीसन फौजमाईन पळी उना!"

सासूबाई मीनाबाईंनी शांतपणे विचारलं, "बेटा, तठे तू काय काम करे?"

दलपतने पोतं खाली ठेवलं. "सैपाकी व्हतू, मामी."

दाराआड खुदकन हसू फुटलं. मीनाबाईंनी एकदा चुलीकडे आणि एकदा जावयाकडे पाहिलं.

एवढ्यात स्टेशनकडून पत्र्याची ट्रंक डोक्यावर घेऊन गोवाल आला. कायमचाच. रूपसिंगांनी छाती फुगवून मास्तरांना बोलावलं आणि त्याचा कागद त्यांच्यापुढे धरला. "वाचा! जोरमा वाचा!"

"वर्तणूक बरी," मास्तर जोरात वाचू लागले. "सुटकेचं कारण, सेवेची गरज..."

"ऱ्हाऊ द्या," रूपसिंग म्हणाले. त्यांनी खिशातून सुपारी काढली. "अडकित्ता कोठे शे?"

अडकित्ता मास्तरांनीच शोधून दिला आणि देता देता सांगितलं की, कारणाचं ते वाक्य दोन्ही कागदांवर छापीलच आहे, सुटणाऱ्या सगळ्यांना तेच.