चिखलीतले न्यूट्रॉन

शालिग्राम भगवंतरावमामांच्या लोकरी कोटाखाली डोकं घालून बसला होता, आणि तेही ऐन वैशाखात! अंगणात मामी पापड वाळू घालत होत्या. ओसरीवर मामा वाट बघत होते. नागपूरच्या कॉलेजची फी तेच भरायचे. आज प्रयोग जमला तर पुढचं वर्ष, नाहीतर पिंपळगावराजाला मामांच्या शेतावर वखर हाकायचा!

दिवाळीत आईच्या ट्रंकेतल्या साऱ्या डांबरगोळ्या वितळवून त्यानं एक चकचकीत खडा बनवला होता. किरण आदळला की त्यात ठिणगी चमकते. चटकन विझली तर गॅमा, रेंगाळली तर न्यूट्रॉन, असा त्याचा अंदाज. गॅमासाठी शाळेतल्या मास्तरांचं रेडियमचं घड्याळ कागदात गुंडाळून खाली ठेवलेलं. न्यूट्रॉन आभाळातून आले तर आले. हवा होता फक्त गच्च अंधार. म्हणून हा कोट. थंडीत मामा तो इथंच विसरले होते आणि आईनं ट्रंकेत जपून ठेवला होता.

"दिसले!" कोट ओरडला. "मामा, न्यूट्रॉन! ढीगभर! अन् काय रेंगाळून राह्यले, विझाचं नावच नाही!"

"आपल्या घरात निघाले? थांब, गूळ वाटते," म्हणत आई आत धावली.

"सरक ना दादा, मले पाहू दे," म्हणत नववीतली बहीण कौशल्या कोटात घुसली. कोट इकडून तिकडं फिरला.

"दादा, या न्यूट्रॉनातून मामी दिसून राह्यली."

"काय बोलतं!"

"पापड उलथून राह्यली. बाजूच्या न्यूट्रॉनात म्हैस हाये."

शालिग्रामनं कोट उन्हात धरला. कसरीनं त्याची चाळणी केली होती! ट्रंकेतल्या डांबरगोळ्या कुठं गेल्या, हे सांगायला प्रोफेसरची गरज नव्हती.

"माह्या बापानं काश्मिराहून आनला होता वो!" मामींनी टाहो फोडला. "तोच न्याले तं आली होती मी! आता लग्नाकार्यात हे काय घालतीन?" आई गुळाची वाटी घेऊन तशीच उभी राहिली.

मामांनी एका भोकातून बोट घातलं, दुसऱ्यातून काढलं. चेहरा गंभीर. शालिग्रामला वखर दिसू लागला.

"तू नागपूरले जाशीन," मामा म्हणाले. "अन् हे पोरगीबी शिकन."

मामी डोळे पुसत आत गेल्या. तसे मामांनी भाच्याचे दोन्ही हात धरले.

"उन्हाळ्यातलं एकेक लग्न या कोटात काढलं बे मी. पाठभर घामोळ्या! मुद्दाम इथं विसरून पाह्यला, तं तुयी मामी घ्याले आली. लय उपकार झाले तुये."

मग आतल्या दाराकडे बघत त्यांनी हळूच विचारलं, "सासऱ्याची एक लोकरी टोपीबी हाये. प्रयोगाले लागन का?"