पाय झटकणारे नाना

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. नानांचा विषय निघाला की त्यांच्या ब्रशचे किस्से सांगून सगळ्यांना हसवायचो आणि उरलेलं गिळून टाकायचो.

तर आधी ब्रश. नाना म्हणजे लोधीपुऱ्यातले माझे शेजारी, शाळेच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले. फिरायला निघाले की खिशात दात घासायचा जुना ब्रश असायचाच. तापीकाठ असो की शेताचा बांध, परतताना हुकूम सुटायचा, "रुको जरा! पाय झटका!" मग चपलांच्या खाचा, सायकलचे टायर, पँटची मोहरी, सगळं घासलं जायचं. गाजरगवताच्या बियांना ते 'फुकटे प्रवासी' म्हणत. "आपण फिरून घरी येतो भाऊ. हे जिथे उतरतात तिथेच घर करतात."

माझा नवा जावई पहिल्यांदा तापीवर आला, तेव्हा नानांनी त्याला एका पायावर उभं केलं. "जवाईबापू, दुसरा पाय वर." एका हातात मावा जिलेबी, दुसरा हात माझ्या खांद्यावर, असा तो बगळ्यासारखा उभा.

बायको म्हणाली, "नाना, पोरीला परत पाठवतील हो!"

नाना मान वर न करता म्हणाले, "पाठवू दे वहिनी. बिया नाही पाठवायच्या."

दापोरा गावाच्या पुढे, केळीच्या बागांमागे एक तळं आहे. सकाळी आम्ही दोघं सायकलनं तिथे जायचो. पाण्यावर धुकं असायचं. नाना डोळे मिटून उताणे तरंगत राहायचे, जणू तळंच त्यांना झोके देतंय. पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं, हे मी काठावरून शोधत बसायचो.

एका वर्षी महालक्ष्म्यांपुढे ठेवायला मी तापीतून जांभळ्या फुलांची जलपर्णी आणली, मुळांसकट. नानांना दिसू नये म्हणून पिशवीत लपवून. तीन दिवस ती घंगाळात देवीपुढे डोलत होती. मग निर्माल्य कचऱ्यात कसं टाकायचं? तापी गढूळ होती, तळं स्वच्छ होतं. हात जोडले आणि तळ्यात सोडून दिलं.

पुढच्या पावसाळ्यापर्यंत अर्धं तळं जांभळं झालं. दिसायला स्वप्नासारखं. नाना काठावर बसून आपली फिरायला न्यायची रिकामी पिशवी उलटीसुलटी करत राहिले.

"तापीवरून येताना एकदा ही झटकली नव्हती मी. माझ्याच पिशवीतून आलं हे."

मी म्हणालो, "असेल."

त्यानंतर नाना कधी पोहले नाहीत. रोज सकाळी दाताळ्यानं जलपर्णी ओढायची आणि काठापासून दूर नेऊन वाळत घालायची. येणारेजाणारे विचारायचे, "काय नाना, भाजी काढता का?" नाना हसायचे. मीही ओढू लागायचो.

त्यांच्या शेवटच्या आजारात मी एक वाक्य पाठ करून गेलो. दारातच आतून आवाज आला, "पाय झटकले?" मी पायपुसण्यावर परत फिरलो आणि गरजेपेक्षा जास्त वेळ पाय घासत राहिलो. आत गेलो तेव्हा त्यांनी ब्रश माझ्या हातात ठेवला.

"तळ्याची माफी माग माझ्या वतीनं. मला आता जाणं होणार नाही."

"मागतो," मी म्हणालो.

आता तळं जवळजवळ मोकळं झालंय. सकाळी जातो, उरलेसुरले कोंब काढतो, चपला घासतो. मग धुक्यातल्या पाण्याकडे बघत माफी मागायला तोंड उघडतो, पण ती तळ्याची नसते.

नाना, पिशवी तुमची नव्हती. निर्माल्य माझं होतं.