हिरवा बिल्ला

रुग्णालयातील सर्व कर्मचाऱ्यांनी फ्लूची लस टोचून घ्यावी, असं परिपत्रक निघालं आणि अंमलबजावणी मोठ्या सिस्टरांच्या गळ्यात पडली. त्यांनी ती मनावर घेतली. त्यांचे वडील, अप्पा, चार नंबरच्या वॉर्डात दाखल होते. अप्पांची छाती आधीच खिळखिळी झालेली, तिला साधा फ्लूसुद्धा झेपणार नव्हता, आणि अप्पांशिवाय सिस्टरांना घरचं दुसरं कुणी नव्हतं.

पहिल्या आठवड्यात तिघे आले. त्यातला एक एक्स-रेची खोली शोधत होता.

मोठे डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, तीस वर्षं रोग्यांत वावरतोय. मला काय होणार?"

"मग बाही वर करायला काय हरकत आहे, सर?"

"सुईची भीती वाटते हो," डॉक्टर दबक्या आवाजात म्हणाले.

औषधं देणाऱ्या बाईंनी मागच्या वर्षी लस घेतली होती आणि आठवड्याभरात त्यांचा पाय मुरगळला होता. त्या आता ताकही फुंकून पीत होत्या.

टक्केवारी हलेना, तेव्हा अधीक्षकांनी आदेश काढला: 'मी लस घेतली' हा हिरवा बिल्ला ज्याच्या छातीवर नसेल, त्यास कॅन्टीनमध्ये चहा मिळणार नाही. बिल्ले टेबलावर ठेवले गेले. दुपारपर्यंत संपले.

सिस्टर तडक अधीक्षकांकडे गेल्या. "साहेब, बिल्ले गेले चारशे आणि सुया लागल्या अकरा!"

"इतक्या कमी साधनांत शंभर टक्के उद्दिष्ट!" अधीक्षकांना गहिवरून आलं. "तुमचा सत्कारच करायला हवा."

सत्कार झाला. गुच्छ देताना मोठे डॉक्टर दोनदा शिंकले. सिस्टरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण फोटो काढणं चालू होतं.

पुढच्या आठवड्यात अप्पांना ताप चढला. नाकाला ऑक्सिजनची नळी लागली. सिस्टर कॉटशेजारी उभ्या राहून कडाडल्या, "कुणी आणला हा ताप इथे? नाव सांगा, अप्पा. एकेकाला सरळ करते!"

अप्पांना धाप लागली होती. "इतकं जवळ कोण येतं गं माझ्या? तूच भरवतेस. तीन दिवस झाले, खोकतेयस. तू घेतलीस ना लस?"

सिस्टरांचा हात छातीवरच्या बिल्ल्याकडे गेला. मोहिमेच्या धावपळीत बाही वर करायला सवड कुणाला होती? पहिला बिल्ला त्यांनीच लावला होता, इतरांना नमुना दिसावा म्हणून.

"म्हणजे काय, अप्पा," त्या म्हणाल्या. त्यांना रडू आवरेना.

अप्पांनी बिल्ला वाचला आणि निश्चिंत होऊन डोळे मिटले. या प्रकरणी सिस्टरांना नावं ठेवण्यास वाचकांची हरकत नसावी. फक्त त्याआधी प्रत्येकाने आपली बाही वर करून दाखवावी.