नगरसेवक भट्टीत

लिंडाउअर बेकरीत पाव गिऱ्हाइकाच्या नावाने ओळखला जायचा. “श्रीमती शाट्झ करपल्या!” “पाद्रीबाबा अजून फुगले नाहीत!” असं म्हातारा गॉटलिब लिंडाउअर दुकानातून तळघरात भट्टी सांभाळणाऱ्या ओटोला ओरडून सांगायचा. कानाने अधू, त्यामुळे आवाज सबंध गल्लीला पुरायचा. ब्रुकलिनमधल्या आमच्या त्या गल्लीत कुणाला त्याचं काही वाटत नसे. उलट तो आजारी पडला की दिवस सुना जायचा. १९३४ साली इस्टरच्या आदल्या दिवशीही तो असाच ओरडला.

“ओटो! नगरसेवक शॉनेसीला चार वाजता भट्टीत घाल! आधी त्याची चांगली कणीक तिंब! आणि ते दोन शिळे मागच्या दाराने काढून टाक, कुणाला दिसता कामा नयेत!”

गिऱ्हाइकांच्या रांगेत मुलकाही नावाचा पोलीस सार्जंट उभा होता. तोही नेहमीचाच, पण त्याच्या कोटाच्या खिशात गुन्हेगारी कथांचं दहा सेंटवालं मासिक होतं. अहाहा, काय ती मासिकं! भडक मुखपृष्ठ, हात लावला तर तुकडे पडतील असा कागद, आणि तरी आम्ही सगळे त्यांच्यासाठी जीव टाकायचो. त्यात ‘कैदी नंबर ११८४’ या नावाने लिहिणारा एक लेखक होता. तो म्हणे अकरा वर्षं तुरुंगात काढून आला होता, आणि त्याच्या कथांमधले बदमाश अस्सल चोरभाषा बोलायचे. भट्टीत घालणं म्हणजे खून करणं. शिळा म्हणजे पोलिसांचा खबऱ्या. मुलकाहीने हे सारं वहीत उतरवून पाठ केलं होतं.

“हात वर!” तो म्हणाला.

“हातांना पीठ आहे,” गॉटलिब म्हणाला.

“तेही चौकीवरच सांग!”

आणि त्याने पिठासकट म्हाताऱ्याला चौकीवर नेलं.

आता खरी गंमत अशी, की कैदी नंबर ११८४ त्याच वेळी बेकरीच्या वरच्या खोलीत टंकयंत्र बडवत बसला होता. एल्सवर्थ प्रुइट त्याचं नाव. गॉटलिबचा जावई. या गृहस्थाने जन्मात कधी कुणाची पेन्सिलसुद्धा उचलली नव्हती. संपादकाने ‘अस्सल चोरभाषा पाहिजे’ म्हणून हट्ट धरला, तर या बिचाऱ्याने ती आणायची कुठून? खिडकी उघडी असायची, खालून सासरेबुवांचं दिवसभर चालूच असायचं. तेच त्याने बदमाशांच्या तोंडी घातलं. सासऱ्याला मात्र सांगून ठेवलं होतं, की आपण चर्चच्या साप्ताहिकात लिहितो.

बायको हेडविग धापा टाकत वर आली. “अहो, पापांना पकडून नेलं! नगरसेवकाच्या खुनाचा कट म्हणे!”

एल्सवर्थने सगळं ऐकलं आणि यंत्रातला कागद ओढून काढला. खरं सांगितल्याशिवाय म्हातारा सुटणार नव्हता. आणि खरं सांगितलं, तर म्हातारा त्याला घरात ठेवणार नव्हता. तवा न धुता ‘धुतला’ म्हणणाऱ्या कामगाराला गॉटलिबने दोन मिनिटांत हाकललं होतं. इथे तर पाच वर्षांचं खोटं होतं.

“हॅट दे माझी,” एल्सवर्थ म्हणाला. गरीब होता हो, पण भेकड नव्हता.

चौकीत गॉटलिब गजांआड बसला होता. शेजारी फिनी नावाचा खिसेकापू अदबीने उभा होता. नगरसेवकाला भट्टीत घालणाऱ्या माणसापुढे बसायचं कसं, असं त्याला वाटत होतं.

“सार्जंटसाहेब, ती भाषा खोटी आहे. मीच बनवली. कैदी नंबर ११८४ म्हणजे मी,” एल्सवर्थ म्हणाला.

मुलकाही खो खो हसला. “तू? अरे, तू तर साखरेचा खडासुद्धा विचारून घेशील!”

“पण ती माझीच...”

“तुझी नाही, माझी!” गजांआडून गर्जना झाली. “जरा मोठ्याने बोला! विचारा मला, काय विचारायचं ते!”

मुलकाहीने वही उघडली. “मैदा चाळणं? म्हणजे घराची झडती!”

“मैदा चाळणं म्हणजे मैदा चाळणं. किडे असतात त्यात.”

“फुगायला ठेवणं? माणूस पळवून लपवणं!”

“ओलं फडकं टाकून दोन तास.”

“शिळा?”

“कालचा!” गॉटलिब ओरडला. “तुम्ही दर सोमवारी नेता तो!”

मुलकाहीचा चेहरा उतरत गेला. त्याने वही मिटली. मला आजही त्याची दया येते. “पण मी चोरांशी याच भाषेत बोलत आलोय,” तो पुटपुटला. “आणि ते उत्तरं देतात.”

फिनी खाकरला. “साहेब, रागावू नका. आम्ही ती तुमच्याकडूनच शिकलो. आम्हाला वाटायचं, बड्या टोळ्यांत असंच बोलतात. न येणाऱ्याची लाज निघायची.”

मग मुलकाहीने मुकाट्याने कुलूप काढलं.

सासरा-जावई घराकडे निघाले. गॉटलिब दोन पावलं पुढे चालत होता. एल्सवर्थने मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं. टंकयंत्र, हेडविगची ट्रंक, पाळणा.

कोपऱ्यावर म्हातारा थांबला. “किती वर्षं लिहितोयस हे?”

“पाच, पापा. मी खोटं बोललो.”

“रोज?”

“रोज. तुम्ही ओरडलात की लगेच टिपून घ्यायचो.”

गॉटलिबने हातावरचं वाळलेलं पीठ खरवडलं. “बायको गेल्यापासून मी त्या दुकानात बोंबलतोय. ओटो ऐकत नाही. हेडविग म्हणते, पापा, हळू बोला. मला वाटायचं, मी मेलो तरी हे बोलणं थांबलंय हे कुणाच्या लक्षात येणार नाही.” त्याचा आवाज पहिल्यांदाच इतका खाली आला, की एल्सवर्थला कान पुढे करावा लागला. “आणि तू वर बसून शब्दन् शब्द ऐकत होतास?”

“हो, पापा.”

“मग उद्यापासून खाली येऊन बस,” म्हातारा म्हणाला. “वर नीट ऐकू येत नसेल.”